अनुदान एकदाच, वीजबिल मात्र दरमहा

नाशिक, प्रतिनिधी - महापालिकेच्या कार्यालयांतील व शाळांतील जुने पंखे, दिवे बदलण्यासाठी अनुदान मिळत असेल, तर ते नाकारण्याचे कारण नाही. मात्र या पैशातून काय घ्यावे आणि ते पुढे कसे चालवावे, याचा हिशेब आधी मांडावा लागतो. नाशिकला अशा निधीचा अनुभव आहे.

पाथर्डी येथील खत प्रकल्पात २०१७ मध्ये 'वेस्ट टू एनर्जी' प्रकल्प सुरू झाला. जर्मन सरकारच्या पर्यावरण निधीतून 'जीआयझेड' या संस्थेमार्फत त्यास साहाय्य मिळाले. हॉटेलांतील ओला कचरा आणि सार्वजनिक शौचालयांतील मैला मिळून रोज ३० टनांवर प्रक्रिया करावयाची व बायोगॅसपासून सुमारे ३,३०० युनिट वीज मिळवावयाची, अशी त्याची रचना. पण अशा प्रकल्पाला वर्गीकरण केलेला कचरा रोज लागतो. तो कमी आला की वीजही कमी! परदेशातून यंत्रासाठी पैसा येतो. कचरागाडी वेळेवर येत नाही, ही अडचण स्थानिकच राहते.

इमारतींतील वीजबचतीचे तसे नाही. येथे एकदाचा खर्च पुष्कळ काळ काम करतो. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट वीज घेतो, तर नव्या बीएलडीसी पंख्यास सुमारे ३० वॅट पुरतात. चाळीस पंख्यांची एक शाळा घेतली, ते दिवसाला सहा तास आणि वर्षातून दोनशे दिवस फिरतात असे धरले, तर वर्षाला २,१६० युनिट वाचतात. चोकच्या जुन्या ट्यूबलाइटऐवजी एलईडी बसविल्यास त्यात आणखी भर पडते. छतावर सौर पॅनेल बसवावयाचे असतील, तर ते यानंतरच. मागणी घटली की लहान संच पुरतो. व्यवहारात क्रम बहुधा उलटा असतो, कारण पॅनेल उद्घाटनाला शोभून दिसतात.

अनुदान सहसा पूर्ण फुकटही नसते. स्मार्ट सिटी अभियानात नाशिकची निवड २०१६ मध्ये झाली, तेव्हा केंद्राच्या निधीइतकाच वाटा राज्य व महापालिकेने मिळून उचलावयाचा होता. म्हणजे करदात्याचा पैसा त्यातही होताच.

खरी मेख बिलात आहे. वाचलेली रक्कम महापालिकेच्या सर्वसाधारण खात्यात विरून गेली, तर पुढच्या इमारतीसाठी पुन्हा अनुदानाची वाट पाहणे आले. बचत स्वतंत्र खात्यात ठेवल्यास तीच पुढच्या शाळेच्या पंख्यांना पुरविता येते. त्यासाठी काम सुरू होण्यापूर्वीची निदान वर्षभराची मीटर नोंद हाती हवी. नाहीतर बचत झाली की शाळेला सुट्ट्या होत्या, हे कोणी सांगावयाचे? निविदेतही केवळ किमान दर पाहून चालणार नाही. बीएलडीसी पंख्यातील इलेक्ट्रॉनिक भाग बिघडल्यास तो किती वर्षे व किती दिवसांत बदलून द्यावयाचा, ही अट करारातच असावी लागते.