रिकामं आणि मोकळं

मंडळी, रेवदंड्यात बोलतोय, तर सुरुवात इथल्या वाड्यांपासूनच करू. रस्त्यावर नीट मिळणारी मोबाइलची रेंज नारळी-पोफळींच्या आत, विहिरीपाशी गेलं की क्षीण होते. हा अनुभव आपल्या सगळ्यांचाच. असं का होतं? पानांत पाणी असतं. रेडिओलहरी त्यात शोषल्या जातात, पानाफांद्यांवरून विखुरतात. वारंवारता जितकी जास्त, तितकी ही घट साधारणपणे जास्त. वायफायच्या 2.4 गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी साडेबारा सेंटीमीटर. 500 मेगाहर्ट्झच्या लहरीची 60 सेंटीमीटर. ही लांब लहर झाडीतून अधिक दूरवर टिकते.

आता गंमत पाहा. 470 ते 590 मेगाहर्ट्झ हा पट्टा दूरचित्रवाणीसाठी राखलेला. त्यात 8 मेगाहर्ट्झचे 15 मार्ग बसतात. मुंबईच्या आयआयटीत प्रा. अभय करंदीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 च्या सुमारास हिशेब मांडला, तेव्हा देशाच्या बहुतेक भागांत त्यांतले निदान 12 मार्ग रिकामेच आढळले. मग त्यांनी पालघर जिल्ह्यातल्या सात गावांत प्रयोग केला: इंटरनेट या पट्ट्यातून गावापर्यंत आणायचं आणि पुढे गावात वायफायनं वाटायचं. प्रयोग चालला; पण त्यासाठी खास प्रायोगिक परवाना घ्यावा लागला.

इथे आपल्याला तत्त्वज्ञानाचा प्रश्न भेटतो. रिकामं म्हणजे मोकळं का? वाडीत कुणी राहत नसलं तरी गडग्याला बेडं असतंच. ते ओलांडून आपण आत शिरत नाही. मग लहरींच्या बाबतीत वेगळा न्याय का मागायचा?

कारण लहर जमिनीसारखी नाही. वापरल्यानं ती झिजत नाही, आणि न वापरता ठेवली तर साठतही नाही. आज रात्री रिकामा गेलेला मार्ग उद्या दुप्पट होऊन मिळत नाही. तो वाया गेला तो गेलाच. शिवाय प्रक्षेपणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 मध्येच सांगून ठेवलंय.

म्हणून काय, कुणीही उठावं आणि प्रक्षेपण करावं? तसंही नाही. एकाच मार्गावर शेजारी-शेजारी दोघं बोलले की दोघांचंही ऐकू येत नाही. यावर अमेरिकेनं आणि ब्रिटननं तोडगा काढला: यंत्रानं आपलं ठिकाण कळवून आधी नोंदवहीला विचारायचं, ‘इथे कोणता मार्ग मोकळा आहे?’ मूळ धारकाला त्रास होणार नसेल, तरच पुढे बोलायचं.

म्हणजे ‘मालक कोण?’ एवढंच विचारून आपलं भागत नाही. ‘माझ्या वापरानं कुणाचं अडतं?’ हेही विचारावं लागतं. आणि त्याच्या जोडीला तिसरा प्रश्न, जो आपण सहसा विचारत नाही: ‘न वापरता अडवून ठेवल्यानं कुणाचं अडतं?’ परीक्षेचा फॉर्म भरायला मोबाइल हातात धरून रेंज शोधत वाडीबाहेर येणाऱ्या मुलीला याचं उत्तर ठाऊक आहे.