पडद्यावरून पडद्यावर

“एक ना धड, भाराभर चिंध्या” ही म्हण आपल्या घराघरांतून मुलांच्या कानीं पडत असते. मुलगा चित्रें काढतां काढतां एखादें यंत्र उघडून बसला, किंवा मुलगी गाणें सोडून नाटकाच्या पोषाखांत रमली, कीं वडीलधाऱ्यांस चिंता वाटूं लागते. ही चिंता अगदींच निराधार आहे असें नाहीं. एका कलेंतून दुसरींत शिरणाऱ्या पुष्कळांच्या हातीं शेवटीं एकहि लागत नाहीं. परंतु ज्यांस हें साधलें त्यांनीं नेमकें काय केलें, हें पाहण्यासारखें आहे. कोल्हापूरचे कलामहर्षि बाबूराव पेंटर हें याचें उत्तम उदाहरण होय.

बाबूरावांचा जन्म १८९० सालचा, मूळ आडनांव मिस्त्री. चित्रकलेचें शिक्षण त्यांनीं कोणत्याहि कलाशाळेंत घेतलें नव्हतें. नात्यानें बंधु लागणाऱ्या आनंदरावांसह त्यांनीं नाटकमंडळ्यांसाठीं पडदे रंगविले व त्या कामांत मोठें नांव मिळविलें. पुढें दोघांस चित्रपटाचा ध्यास लागला आणि त्यांनीं स्वतःच कॅमेरा बनविण्याचें मनावर घेतलें. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. जोडीदार गेला, काम अर्धवट राहिलें; तरी बाबूरावांनीं तें सोडलें नाहीं. शिष्य दामले यांच्या साहाय्यानें त्यांनीं कॅमेरा पुरा केला, आणि १९२० सालीं त्यांचा ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांपुढें आला.

आतां विचार करावयाचा तो असा. ज्याचा हात पडदे रंगविण्यांत इतका तयार, त्यानें चित्रपटांतहि नटांमागें रंगविलेले पडदेच टांगावे, हें किती स्वाभाविक होतें! परंतु नाटकाचा पडदा खरा भासतो तो दूर, एका जागीं बसलेल्या प्रेक्षकास. कॅमेरा जवळ जातो, बाजूनें पाहतो. रंगविलेली सावली व नटाची खरी सावली यांचा मेळ नाहीं, हें तो तत्काळ उघड करितो. शिवाय त्या काळच्या चित्रपटांत रंग नव्हतेच. म्हणून ज्या कामानें कीर्ति दिली तेंच बाबूरावांनीं बाजूस ठेविलें, आणि पडद्यांऐवजीं खऱ्या खोलीचें, आंत वावरतां येईल असें नेपथ्य उभें केलें.

मग बरोबर नेलें तें काय? चित्रकाराची दृष्टि. प्रसंगांचीं व पोषाखांचीं रेखाचित्रें ते आधीं काढीत. ‘सिंहगड’ (१९२३) मध्यें त्यांनीं कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. ‘सावकारी पाश’ (१९२५) मध्यें शेतकऱ्याचें दैन्य दाखवितांना छायाप्रकाशाचें हेंच ज्ञान उपयोगीं पडलें. रंगहि वायां गेले नाहींत. चित्रपटांच्या जाहिरातीचीं मोठालीं चित्रें ते स्वतः रंगवीत.

हाच संस्कार शिष्यांनीं पुढें नेला. १९२९ मध्यें निघालेल्या ‘प्रभात’ कंपनींत फत्तेलाल यांनीं कलादिग्दर्शन सांभाळलें. तर दामले यांनीं, बोलपट येतांच, ध्वनिलेखनाचा सर्वस्वीं नवा विषय आत्मसात केला. या दोघांनीं दिग्दर्शित केलेला ‘संत तुकाराम’ (१९३६) पुढील वर्षीं व्हेनिसच्या महोत्सवांत नांवाजला गेला.

तेव्हां आपला मुलगा एक कला सोडून दुसरीकडे वळूं लागला, तर त्यास लगेच दटावूं नये. त्यास दोन प्रश्न मात्र अवश्य विचारावे: येथून काय घेऊन जाणार, आणि काय टाकून देण्याची तुझी तयारी आहे? पहिल्याचें उत्तर बहुतेक मुलें देतील. दुसऱ्याचें ज्यास देतां येईल, त्यास खुशाल जाऊं द्यावें. चिंध्यांची गोधडीहि होते. मात्र धागा पक्का हवा.