जुन्या मोटारीचा अडखळणारा गिअर

‘जखम मांडीला आणि मलम शेंडीला’ या म्हणीचा प्रत्यय जुन्या मोटारींच्या दुरुस्तींत पुष्कळदां येतो. स्वयंचलित गिअरची गाडी अडखळूं लागली कीं, ‘गिअरबॉक्स गेला’ असा निकाल तपासणीपूर्वींच दिला जातो. वास्तविक दोष कित्येकदां एखाद्या लहानशा भागांत असतो.

पुण्याजवळ पिंपरी येथें १९९५ सालीं मर्सिडीझ गाड्या तयार होऊं लागल्या. २००९ सालीं तें काम चाकणला गेलें. शतकाच्या अखेरीस आलेल्या ई-क्लासच्या अनेक गाड्यांत ७२२.६ या क्रमांकाचा पांच गिअरांचा स्वयंचलित गिअरबॉक्स असे. त्यांत इंजिनाची शक्ति तेलाच्या द्वारें पुढें पोंचते, तेलाच्याच दाबानें आंतील क्लच आवळले जातात, आणि तो दाब केव्हां व कोठें द्यावा हें विजेवर चालणारें कंट्रोल युनिट ठरवितें. म्हणून तपासणीचा क्रम तेल, वीज आणि शेवटीं यंत्र असा असावा.

कसबा पेठेंतील मालकाची अडचण थोडी निराळी असते. विजेचा दोष आढळतांच हा गिअरबॉक्स आपला बचाव करतो. इंजिन बंद करून पुन्हा सुरू केल्यावर तो बहुधा दुसऱ्याच गिअरांत अडकून राहतो. कसब्याच्या बोळांत गाडीला त्याहून अधिक वेग क्वचितच लागतो. त्यामुळें दोष तेथें लपून राहतो आणि द्रुतगति मार्गावर, मागून भरधाव वाहनें येत असतां, प्रकट होतो. यास्तव गांवांत ‘चालते आहे’ एवढ्यावर समाधान न मानतां मोकळ्या रस्त्यावर परीक्षा घ्यावी.

प्रथम तेल. इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाहीं, किंवा गिअर टाकल्यावर गाडी उशिरानें धक्का घेऊन हलते, तर तेल कमी असण्याचा संशय घ्यावा. या गिअरबॉक्सला मालकासाठीं मोजपट्टी दिलेली नसते. गॅरेजमधील पट्टीनें, सपाट जागीं, इंजिन चालू ठेवून व तेल सुमारें ८० अंश सेल्सिअस तापल्यावर पातळी पाहावी. ‘तेल जन्मभर पुरेल’ हें आरंभींचें आश्वासन उत्पादकानेंही पुढें बदललें.

दुसरी वीज. गिअरबॉक्सला तारा जोडणारा प्लग गळूं लागला, तर दिव्याच्या वातींतून चढावें तसें तेल तारांतून थेट कंट्रोल युनिटपर्यंत पोंचतें. प्लग स्वस्त, युनिट महाग. आंतील कंडक्टर प्लेटवर फिरण्याचा वेग मोजणारे सेन्सर असतात, तेही बिघडतात. गाडी बंद करून सुरू केल्यावर कांहीं काळ नीट चालत असेल, तर संशय प्रथम येथें घ्यावा आणि निदानयंत्रानें नोंदलेले दोष वाचून घ्यावेत. बॅटरी अशक्त असली तरीही खोटे दोष नोंदले जातात.

शेवटीं यंत्र. तेल काळें पडून जळका वास येत असेल, तळाशीं धातूचा चुरा सांपडत असेल, तर मात्र क्लच झिजले असें समजावें व पेटी उघडावी.

म्हणून गिअरबॉक्स बदलण्यास संमति देण्यापूर्वीं मालकानें तीन प्रश्न विचारावेत: तेल गरम करून मोजलें काय? प्लग उघडून पाहिला काय? नोंदलेले दोष वाचले काय? यांपैकीं एकाचेंही उत्तर ‘नाहीं’ असेल, तर निदान अद्याप झालेलेंच नाहीं.