फटफटीचं गणित

आमच्या हॉस्टेलवर एक वाद वर्षानुवर्षं चालू आहे. बजाजची अ‍ॅव्हेंजर ‘खरी’ क्रूझर आहे की नाही? एक पार्टी म्हणते, सीट खाली, हँडल उंच, पाय पुढे, अजून काय पाहिजे? दुसरी पार्टी म्हणते, व्ही-ट्विन इंजिन नाही, तो आवाज नाही, म्हणजे क्रूझर नाहीच. दोस्तांनो, दोन्ही पार्ट्या फक्त ओरडतात, क्रँकशाफ्टकडे कोणी बघत नाही.

अमेरिकेतल्या मिलवॉकी गावात १९०३ साली सुरू झालेल्या हार्ले-डेव्हिडसनने पहिली व्ही-ट्विन १९०९ मध्ये काढली. साधारण ८११ सीसी आणि ताकद फक्त ७ हॉर्सपॉवर! तिचा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टनच्या ओढीनेच उघडायचा. ते जमलं नाही, गाडी मागे घेतली आणि १९११ मध्ये व्हॉल्व्ह यंत्राने उघडणारी नवीन आणली. दोन सिलिंडरमधला कोन मात्र तेव्हापासून ४५ अंश. सायकलसारख्या फ्रेमच्या त्रिकोणात दोन सिलिंडर बसवायचे तर असा अरुंद व्ही सोयीचा पडतो.

आता खरी गंमत. दोन्ही पिस्टन एकाच क्रँकपिनवर असतात. एका कनेक्टिंग रॉडचं टोक चिमट्यासारखं दुभंगलेलं आणि दुसरा त्याच्या मधोमध, त्यामुळे सिलिंडर अगदी एका रेषेत येतात. फोर-स्ट्रोकचं चक्र ७२० अंशांचं. सारख्या अंतराने स्फोट व्हायचे तर दर ३६० अंशांनी व्हायला हवेत. पण इथे पिन एक आणि कोन ४५, म्हणून एक अंतर ३६० वजा ४५ म्हणजे ३१५ आणि दुसरं ३६० अधिक ४५ म्हणजे ४०५. फट-फट... फट-फट... लंगडी घातल्यासारखं! तो प्रसिद्ध आवाज म्हणजे एवढंच. हार्लेने १९९४ मध्ये या आवाजाचा ट्रेडमार्क मागितला आणि २००० मध्ये अर्ज मागे घेतला.

आपण मोटारसायकलला फटफटी म्हणतो, पण दिल्लीकरांनी हा आवाज पोटापाण्याला लावला होता. दुसऱ्या महायुद्धात सैन्यासाठी बनलेल्या हार्ले मोडीत निघाल्यावर त्यांना मागे बाकं जोडून तिथे ‘फटफट’ टॅक्सी केल्या. ७४० सीसीच्या या व्ही-ट्विन इंजिनांनी पन्नासेक वर्षं पॅसेंजर ओढले. प्रदूषणाच्या कारणाने १९९८ मध्ये त्या बंद झाल्या. म्हणजे जे इंजिन आपण पोस्टरवर बघतो, ते आपल्या देशात शेअर-रिक्षाचं काम करत होतं!

आवाज फुकट मिळत नाही, बरं का. ४५ अंशांच्या या रचनेत थरथर खूप. होंडाच्या शॅडो ११०० मध्ये दोन पिन थोड्या सरकवून ठेवल्या होत्या, त्यामुळे इंजिन मऊ चालायचं. गिऱ्हाइकांना मात्र हार्लेचाच ठेका हवा होता. शेवटी १९९५ च्या एका मॉडेलमध्ये होंडाने एकच पिन घातली, ताकद कमी झाली तरी. चांगलं इंजिन मुद्दाम थोडं बिघडवायचं, याला काय म्हणावं?

आता आपली गाडी. पुण्याच्या बजाज ऑटोने २००१ मध्ये १७५ सीसीची कावासाकी बजाज एलिमिनेटर आणली. २००५ मध्ये त्याच ढाच्याची अ‍ॅव्हेंजर आली, आधी १८० सीसी, २००७ मध्ये २०० आणि २०१० मध्ये २२०. सिलिंडर एकच, म्हणजे स्फोट दर ७२० अंशांनी, एकसारखे. तो लंगडा ठेका हिच्यात येणं शक्यच नाही, सायलेन्सर कितीही कापा. पण कावासाकीची १९८५ ची मूळ एलिमिनेटर तरी कुठे व्ही-ट्विन होती? तिचे चार सिलिंडर एका ओळीत होते. आणि खुद्द हार्लेने हीरोसोबत २०२३ मध्ये काढलेली एक्स-४४० सुद्धा एकाच सिलिंडरची आहे! त्यामुळे माझं मत पहिल्या पार्टीला. क्रूझर ही बसण्याची पद्धत, व्ही-ट्विन हा आवाज.

आमच्या हिवरा आश्रमच्या बाजूला तर बसण्याची पद्धतच कामाची. २२० ची सीट जमिनीपासून ७३७ मिलिमीटर, म्हणजे यात्रेच्या गर्दीत दोन्ही पाय आरामात टेकतात. दोन चाकांतलं अंतर १४९० मिलिमीटर, म्हणून सरळ रस्त्यावर गाडी स्थिर, पण अरुंद गल्लीत वळवताना जागा जास्त लागते. क्रूझरला शोभेल असा सरळसोट रस्ता आपल्या जिल्ह्यातून जातोही, समृद्धी महामार्ग, ७०१ किलोमीटर. फक्त त्यावर दुचाकीला बंदी आहे.