दादींना समुद्र दाखवायचा आहे

पाऊस लांबला की आम्हा डोणगावकरांच्या जिवाला घोर. कोकणात मात्र तो थोडा ओसरला तरच वाट मिळते. सोयाबीनच्या सोंगणीआधी दादींना समुद्र दाखवायचा, म्हणून सप्टेंबरअखेर निघायचे ठरले.

मुंबईत हाजी अलीची वाट भरतीला पाण्याखाली जाते. ओहोटीची वेळ आधी पाहावी. पावसाळ्यात जंजिऱ्याच्या होड्या बंद असतात, तेव्हा त्या सुरू झाल्याची खात्री करूनच मुरूड गाठावे. जवळच्या फणसाड अभयारण्यात मुलांना शेकरू शोधता येईल. पुढे रत्नागिरीला जायचे तर कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक पाहावे. या दिवसांत गाड्या सावकाश धावतात.

दादींच्या गुडघ्यांसाठी दिवसाला एकच ठिकाण, आणि घाट उजेडातच उतरायचा. दोन ठिकाणे राहिली तरी चालतील. दादी समाधानाने परतल्या पाहिजेत.