वेताळाच्या हद्दीत

पुण्याच्या पश्चिमेला कोथरूड, पाषाण आणि सेनापती बापट रस्ता यांच्या मधोमध वेताळ टेकडी उभी आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 800 मीटर उंच. लॉ कॉलेजची टेकडी, एआरएआयची टेकडी, चतुःशृंगी ही नावं लोकांनी आपापल्या वाटेच्या सोयीने पाडली. डोंगर एकच आहे. पहाटे कुठल्याही बाजूने चढा, फिरायला आलेली माणसं पांगत पांगत खाणीपाशी किंवा वेताळाच्या देवळापाशी एकमेकांना भेटतातच. खाणीत कधी काळी दगड फोडला जायचा, आता पाणी साठतं. पावसाच्या तोंडावर झाडीत नवरंग शीळ घालतो. सालई, खैर, हिवर ही इथली मूळची झाडं उंदीरमारीच्या गर्दीत शोधावी लागतात. वनीकरणाच्या हौसेने ही परकी झाडं लावली आणि माळाचं गवत त्यांच्याखाली गेलं.

पण मी रेंगाळलो तो देवळाशी. वेताळ म्हणजे भुतांचा राजा. अमावास्येच्या रात्री मशाली घेतलेल्या गणांसह त्याची पालखी निघते, अशी जुनी समजूत. गावाच्या वेशीबाहेर शेंदूर फासलेला दगड आणि भोवती त्याचं सैन्य म्हणून मांडलेले लहान दगड, अशी त्याची ठाणी महाराष्ट्रात कितीतरी. गोव्यात लोलयेसारख्या गावात तर त्याची भव्य पाषाणमूर्ती आहे. याच गोव्यात जन्मलेले दामोदर धर्मानंद कोसंबी पुण्यात लॉ कॉलेजच्या परिसरात राहिले आणि घरामागची ही टेकडी त्यांनी पायाखाली घातली. गारगोटीची नखाएवढी हत्यारं वेचली आणि आजचा शेंदरी देव व हजारो वर्षांपूर्वीची माणसाची पायवाट यांचं नातं शोधलं. गणिताच्या या प्राध्यापकाने इतिहास पोथीतून उठवून माळावर नेला. 1962 साली आलेल्या त्यांच्या ‘मिथ अँड रिॲलिटी’ या पुस्तकाला अशाच पायपिटीचा आधार आहे. टेकडीवर याची साधी पाटीही मला दिसली नाही, याचं वाईट वाटलं.

आज टेकडीवर कोणाशीही बोला, विषय रस्त्याचा निघतो. बालभारती ते पौड फाटा हा सुमारे दोन किलोमीटरचा रस्ता कित्येक वर्षं कागदावर आहे. त्याच्या जोडीला पंचवटीकडून कोथरूड आणि गोखलेनगरला निघणारे बोगदे. लॉ कॉलेज रस्त्यावरची कोंडी फुटेल, असं महापालिका म्हणते. एप्रिल 2023 मध्ये हजारो पुणेकर या प्रकल्पांविरुद्ध मोर्चाने निघाले. त्यात शाळकरी मुलं होती, काठी टेकत आलेले आजोबाही होते.

‘माथा तर राहतोय ना, रस्ता उतारावरून जातोय,’ हा युक्तिवाद मला पटत नाही. टेकडीचं खरं काम उतारच करतो. माथ्यावर पडलेला पाऊस घळींतून सावकाश खाली येतो, बेसॉल्टच्या भेगांतून मुरतो आणि पायथ्याच्या विहिरी-बोअरना पुरतो. उतार कापला, वरून डांबर ओतलं, की तेच पाणी गटारातून रस्त्यावर लोटणार. मोर आणि बाकीची जनावरं वर-खाली करतात ती वाटही मधोमध तुटणार. रोज चढणाऱ्या एका काकूंनी मला एक ओढ्याची घळ दाखवली आणि विचारलं, ‘एवढ्यातून गाड्या नेणार, मग पावसाळ्यात हिने जायचं कुठून?’

कोंडी खरी आहे, रोज तिथे अडकणाऱ्यांचा जीव मेटाकुटीला येतो हेही खरं. पण नव्या रस्त्यावर नवी वाहनं येतात, हे पुण्याने एकेका उड्डाणपुलाखाली पाहिलंय. आधी त्या भागात दर पाच मिनिटांना पीएमपीची बस सोडावी, पदपथ मोकळे करावेत, रस्त्याकडेचं पार्किंग हटवावं. वर्षभर हे नेटाने करून वाहनांची मोजणी लोकांसमोर ठेवावी. तोवर उताराला यंत्र लावू नये.