‘मोन’ म्हणजे कण्हणं की कुरकुर?

मागच्या बैठकीत बचतीचे पैसे गोळा करून झाले, तेवढ्यात गटातल्या एका ताईंची दहावीतली मुलगी वही घेऊन आली. इंग्रजीतला ‘मोन’ हा शब्द अडला होता. गाइडमध्ये अर्थ होता ‘कण्हणे’, आणि वाक्य होतं, शेजारी पगाराबद्दल मोन करतो. “पगाराबद्दल कोणी कण्हतं का?” तिचा प्रश्न बरोबर होता. आम्ही काही इंग्रजीच्या बाई नव्हे, पण शब्दकोश काढून बसलो.

मोनचे मुख्य अर्थ दोन. तापात, दुखण्यात माणसाच्या घशातून लांब, खालच्या पट्टीतला आवाज येतो, तो पहिला. दुसरा अर्थ सारखी तक्रार करणं, म्हणजे आपली कुरकुर. ओळखायचं कसं? मोनच्या पुढे ‘अबाउट’ आलं की कुरकुर, ‘इन पेन’ आलं की कण्हणं. रिकाम्या घरात घुमणारा वाराही इंग्रजीत मोन करतो. (सुखाच्या क्षणीच्या आवाजालाही हाच शब्द चालतो, तेव्हा मुलींनो, फोनवर शोधताना जरा जपून!) ‘ग्रोन’ हा त्याचा भाऊ, पण आवाज जड आणि तुटक. ओझं उचलताना निघतो तो. टुकार विनोद ऐकून “अरे देवा” करतो, तोही ग्रोनच.

गंमत म्हणजे मोनचा जुना अर्थ तक्रार, विलाप असाच होता. आवाजाचा अर्थ मागाहून आला. मराठीत उलटं दिसतं. आधी खाट कुरकुरते, मग माणूस.

हे बोलणं चाललं असताना त्या मुलीची आई गप्प झाली. मग तिने सांगितलं, आणि इथे सांगायला परवानगीही दिली. मागच्या पावसाळ्यात तिच्या सासूबाई मोरीत घसरल्या. उठून बसल्या, चहा प्यायल्या, म्हणून कोणी दवाखान्यात नेलं नाही. रात्री कण्हायच्या. “आम्ही म्हणायचो, म्हातारीची कुरकुर सुरू झाली.” चौथ्या दिवशी पाय टेकवेना, तेव्हा एक्स-रे काढला. खुब्याचं हाड मोडलं होतं.

आपल्याकडे दोन वेगळे शब्द आहेत, तरी ऐकताना आपण त्यांची सरमिसळ करतो. म्हातारं माणूस असलं, बाळंतीण असली की जास्तच. कुरकुरीला विषय असतो, मीठ, पैसा, सून. कण्हण्याला बहुतेकदा विषय नसतो. ते कूस बदलताना वाढतं, झोपेतही थांबत नाही. कुठे दुखतं ते हात लावून विचारायचं. पडलेल्या म्हाताऱ्या माणसाला पाय टेकवत नसेल तर चोळत बसू नका, दवाखान्यात न्या. गाडी नसेल तर १०८ ला फोन करा.

तान्ह्या बाळाचं तर फारच जपायचं. श्वास सोडताना दर वेळी बारीक कण्हल्यासारखा आवाज येत असेल, तर तो धोक्याचा. इंग्रजीत डॉक्टर त्याला ‘ग्रंट’ म्हणतात. बाळ थांबून थांबून किरकिरतं तसा तो नसतो. सकाळची वाट पाहू नका.

सासूबाईंचं ऑपरेशन झालं, आता त्या वॉकर धरून ओट्यापर्यंत येतात. आणि मुलीने वहीत मोनसमोर दोन्ही अर्थ लिहिले, खाली वाक्यही घातलं: आजी मोन करत होती, आम्ही समजलो मोन करतेय.